कर्नलची उतरंड

श्रोत्यांपैकीं वडीलधाऱ्यांना माजघरांतील उतरंड आठवत असेल. तळाशीं मोठें मडकें, त्यावर क्रमाक्रमानें लहान मडकीं. शेवटीं ठेवलेलें प्रथम काढावयाचें, हा तिचा नियम. संगणकशास्त्रांत ज्यास स्टॅक म्हणतात तो नेमका हाच प्रकार होय. एक काम चालूं असतां मध्येंच दुसरें निघालें, तर पहिल्याचीं टिपणें तशींच ठेवून दुसऱ्याचीं त्यांवर रचावयाचीं, आणि तें संपतांच तीं उचलून पुन्हा पहिल्याकडे वळावयाचें. हिंगोली जिल्ह्यांतील डोंगरकड्याचा शेतकरी अँड्रॉइड मोबाइलवर आपला सातबारा उघडतो, तेव्हां त्या चिमुकल्या यंत्रांत अशा कित्येक उतरंडी रचल्या व उतरविल्या जात असतात. त्या यंत्राचा कारभारी लिनक्स नांवाचा कर्नल. आणि या कारभाऱ्याच्या स्वतःच्या उतरंडीचा इतिहास मोठा काटकसरीचा आहे.

सामान्य प्रोग्रामला उतरंडीसाठीं बहुधा ८ मेगाबाइटपर्यंत जागा मिळते व ती गरजेप्रमाणें वाढते. कर्नलची जागा मोजकी, न वाढणारी. लिनस टॉरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं हेलसिंकी येथें लिहिलेल्या पहिल्या आवृत्तींत ती अवघी ४०९६ बाइट होती, आणि कामाची नोंदवहीही तींतच मावावयाची. पुढें इंटेलच्या ३२-बिट यंत्रांवर ती ८ किलोबाइट झाली.

इतका चिक्कूपणा कां? प्रत्येक चालू कामास अशी स्वतंत्र उतरंड लागते. दहा हजार कामें म्हटलीं कीं सुमारें ८० मेगाबाइट नुसते अडकून पडले. आणि ३२-बिट यंत्रांत कर्नलला थेट हाताळतां येणारी मेमरी ८९६ मेगाबाइटच्या आसपास. शिवाय तिचें वाटप ४ किलोबाइटच्या पानांनीं होतें. यंत्र बरेच दिवस चाललें कीं सुटीं पानें पुष्कळ, पण लगतचीं दोन मिळेनात, अशी गत होई.

म्हणून मे २००४ मधील २.६.६ या आवृत्तींत एकाच पानावर भागविण्याचा पर्याय आला. इंटरप्टांसाठीं उतरंड वेगळी काढण्यांत आली. फेडोरानें त्याच महिन्यांत हा पर्याय आपल्या ग्राहकांच्या माथीं मारलाही! मग तक्रारी सुरू झाल्या. विंडोजसाठीं लिहिलेलीं वायरलेस ड्रायव्हरें या चिमटींत मावेनात. एक्सएफएस फाइलव्यवस्था, तिच्याखालीं डिस्का जोडणारा थर, अशा घरांत तर उतरंड हमखास जागेबाहेर जाई. घरची उतरंड कोसळली तर निदान आवाज होतो. ही मात्र मुकाट्यानें शेजारची नोंद पुसून टाकी, आणि दोष भलत्याच ठिकाणीं दिसे.

मग काटकसरीचे उपाय निघाले. मोठे तक्ते उतरंडीवर न मांडतां वखारींतून मागून घ्यावे व काम होतांच परत करावे. मात्र वखार ‘नाहीं’ म्हणाली तर काय, हेंही लिहून ठेवावें लागे. कंपायलर चार लहान फंक्शनें एकांत मिसळी, तेव्हां चौघांचीं मडकीं एकदम चढत. अशा फंक्शनांवर ‘मिसळूं नये’ अशी खूण करावी लागली. कोण किती जागा उधळतो हें मोजणारी चेकस्टॅक नांवाची स्क्रिप्टही आहे. सर्वांत सुंदर काम ॲल व्हायरो यांचें. एका फाइलचें नांव दुसरीकडे बोट दाखवितें, ती तिसरीकडे. पूर्वीं प्रत्येक बोटागणिक कर्नल स्वतःलाच पुन्हा हांक मारी व नवें मडकें चढे. म्हणून आठांहून अधिक बोटें एकांत एक चालत नसत. २०१५ च्या ४.२ आवृत्तींत त्यांनीं हीच वाट साध्या फेऱ्यांनीं चालण्याजोगी केली.

एकपानी पर्याय २०१० सालीं कर्त्यांनीं सोडून दिला, तें योग्यच झालें. ६४-बिट यंत्रांत तर पत्तेच दुप्पट लांबीचे. तेथें ८ किलोबाइटही अपुरे पडतात हें मिनचान किम यांनीं दाखविलें, आणि जून २०१४ च्या ३.१५ आवृत्तींत जागा १६ किलोबाइट झाली. २०१६ च्या ४.९ आवृत्तीपासून अँडी लुटोमिर्स्की यांच्या योजनेनें पानें लगतचीं असण्याची गरज संपली, व कडेला राखणीचें रिकामें पान आलें. आतां उतरंड जागेबाहेर गेली कीं तत्काळ बोंब उठते.

जागा वाढली तरी मोजदाद सैल झाली नाहीं. ज्यांचा आकार चालत्या कामींच ठरतो असे तक्ते आधीं मोजतां येत नाहींत. त्यांवर मार्च २०१८ मध्यें टॉरवाल्ड्स कडाडले. कीस कुक व इतरांनीं ते एकेक करून उपटले, आणि डिसेंबर २०१८ मधील ४.२० आवृत्तींत एकही उरला नाहीं. ६४-बिट कर्नलमध्यें एखाद्या फंक्शनानें एकट्यानें २०४८ बाइटांहून अधिक जागा अडविली, तर कंपायलर सामान्यतः लिहिणाऱ्यास तेथेंच टोकतो.