सौम्यतेचें सामर्थ्य : संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांचें चरित्र

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं आपण पूर्वजांचें स्मरण करितों. देवळाच्या भिंती कोणी उभारल्या, शाळा कोणी काढली, हें कृतज्ञतेनें एकमेकांस सांगतों. परंतु धर्मग्राम केवळ दगडचुन्यानें टिकत नाहीं. वांटणीच्या भांडणांत एका भावानें एक पाऊल मागें घेतलें, अबोला धरलेलीं दोन घरें पुन्हां एका मिस्सेला येऊं लागलीं, अशा ज्या गोष्टी कोणत्याही वहींत नोंदल्या जात नाहींत, त्यांच्याच आधारावर तो उभा असतो. म्हणून ज्या सद्‌गुणामुळें ह्या गोष्टी घडतात, त्या सौम्यतेविषयीं येथें चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटलें.

प्रभु येशूनें डोंगरावरील प्रवचनांत सौम्य जनांस धन्य म्हटलें, हें आपण बाळपणापासून ऐकत आलों आहों. तरीही सौम्यता म्हणजे दुबळ्याचें भूषण, अशी समजूत पुष्कळांच्या मनांत असते. जुन्या विचारवंतांस ती मान्य नव्हती. ग्रीक तत्त्ववेत्ता अ‍ॅरिस्टॉटल ह्यानें शीघ्रकोपी माणूस आणि कशानेंच न रागावणारा माणूस ह्या दोन टोकांच्या मध्यें सौम्यतेस स्थान दिलें. तेराव्या शतकांत संत थॉमस अक्वायनस ह्यांनीं, क्रोधाला विवेकाच्या मर्यादेंत ठेवणारा गुण तो हाच, असें प्रतिपादन केलें. पवित्र शास्त्र मोशेला पृथ्वीवरील सर्व मनुष्यांहून सौम्य म्हणतें. परंतु सोन्याचें वासरूं पाहून दगडी पाट्या फोडणारा मोशे तोच होता. तात्पर्य, सौम्य पुरुषाच्या ठायीं राग नसतो असें नाहीं. त्या रागाचा लगाम त्याच्या हातीं असतो.

ह्याचें उत्तम उदाहरण संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांचें. त्यांचा जन्म १५६७ सालीं सॅव्हॉय प्रांतांत थोरें येथें एका सरदार घराण्यांत झाला. ते स्वभावानें तापट होते. पॅरिस येथें शिकत असतां आपला उद्धार होणार नाहीं ह्या भीतीनें ते कित्येक आठवडे व्याकुळ झाले होते. पवित्र मरियेच्या मूर्तीपुढें प्रार्थना करितांना ती भीति नाहींशी झाली. १५९१ सालीं पादुआ येथें त्यांनीं कायद्याची सर्वोच्च पदवी मिळविली. पुत्रानें दरबारीं मानाची जागा मिळवावी, ही पित्याची इच्छा होती. पुत्रानें १५९३ सालीं गुरुदीक्षा घेतली. जिनीव्हा नगर त्या वेळीं कॅल्व्हिनपंथाच्या ताब्यांत होतें. त्याचे तट प्रीतीनें जिंकावयाचे, असें त्यांनीं आपल्या आरंभीच्या भाषणांतच सांगितलें.

१५९४ सालीं ते शाब्ले प्रांतांत गेले. बर्नच्या लोकांनीं १५३६ सालीं तो प्रांत जिंकून तेथें प्रॉटेस्टंट पंथ स्थापिला होता. फ्रान्सिस अलँझच्या किल्ल्यांत राहत आणि तेथून पायीं थोनों गांवीं जात. हिवाळ्यांत वाट बर्फानें भरे आणि प्रवचनाला श्रोते थोडेच येत. लोक ऐकावयास येत नाहींत, तर आपला शब्दच त्यांच्या घरीं पाठवावा, असें त्यांनीं ठरविलें. ते पत्रकें लिहून दारांच्या फटींतून आंत सरकवूं लागले. त्यांतील युक्तिवाद निःसंदिग्ध असे. सत्य पातळ करून सांगणें म्हणजे सौम्यता, असें त्यांनीं कधींही मानलें नाहीं.

१५९७ सालीं पोप आठवे क्लेमेंट ह्यांच्या सांगण्यावरून ते जिनीव्हांत थिओडोर बेझा ह्या वृद्ध प्रॉटेस्टंट आचार्यास भेटले. भेटी एकाहून अधिक झाल्या, बोलणें सभ्यतेनें झालें, पण बेझाचें मन वळलें नाहीं. फळ न मिळतांही फ्रान्सिस ह्यांची वाणी कडू झाली नाहीं. येथें सत्यास धरून एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. शाब्लेचें जें परिवर्तन झालें त्यांत सॅव्हॉयच्या ड्यूकच्या राजसत्तेचाही हात होता, आणि तिची सक्ति सौम्य नव्हती. संताचे दिवस त्यांच्या काळाच्या धुळींतूनच गेले. म्हणून अनुकरण करावयाचें तें दारांतून सरकविलेल्या त्या पत्रकांचें, राजाज्ञेचें नव्हे.

१६०२ सालीं ते जिनीव्हाचे बिशप झाले, परंतु राहणें अ‍ॅनेसी येथेंच करावें लागलें. एका मुक्या-बहिऱ्या तरुणास त्यांनीं आपल्या घरीं ठेवून घेतलें आणि खुणांनीं शिकवून ख्रिस्तशरीर घेण्यास तयार केलें. १६०९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या भक्तिमार्गावरील ग्रंथांत त्यांनीं संसारी स्त्रीपुरुषांसही पवित्रतेची वाट दाखविली. एकदां एका माणसानें त्यांचा तोंडावर अपमान केला असतां ते गप्प राहिले. कारण विचारतां, कित्येक वर्षें थेंब थेंब सांठविलेली सौम्यता पाव घटकेंत सांडून जाईल अशी आपणांस भीति वाटली, असें ते म्हणाल्याचें चरित्रकार सांगतात. म्हणजे ही सौम्यता जन्मजात नव्हती. ती कमाविलेली होती.

१६२२ सालीं लिऑं येथें त्यांनीं देह ठेवला. १६६५ सालीं ते संत घोषित झाले, १८७७ सालीं त्यांस ख्रिस्तसभेचे आचार्य हा मान मिळाला आणि १९२३ सालीं ते कॅथॉलिक लेखकांचे आश्रयदाते ठरले. त्यांचें नांव आमच्या महाराष्ट्रासही परकें नाहीं. फादर मेर्मिये ह्यांनीं १८३८ सालीं त्यांच्या नांवानें जो मिशनरी संघ स्थापिला, त्याचे धर्मगुरु १८४५ सालीं सॅव्हॉयहून भारताकडे निघाले. विशाखापट्टणहून त्यांचें कार्य नागपुरापर्यंत पसरलें. १८८७ सालीं नागपूरचा धर्मप्रांत झाला, आणि तेथील कॅथीड्रल ह्याच संताच्या नांवाचें आहे.

वाचकहो, सौम्य व्हा ह्याचा अर्थ अन्याय मुकाट्यानें गिळा असा कोणी करूं नये. ज्याच्यावर जुलूम होतो त्याला गप्प बसविण्यासाठीं हा शब्द वापरणें म्हणजे प्रभूच्या शब्दाचा अपराध करणें होय. सौम्यतेची पहिली मागणी बलवंताकडे आहे : घरांत बापाकडे, शाळेंत शिक्षकाकडे, सभेंत अध्यक्षाकडे, आणि जो लेखणी धरितो त्या आम्हांकडेही. ज्याच्या हातांत दुखविण्याची शक्ति आहे, त्यानेंच ती आवरावयाची असते. ह्या ज्युबिलीच्या वर्षीं आपल्यापैकीं प्रत्येकानें एक तरी अबोला सोडला, तर पुढील ज्युबिलीच्या पुस्तिकेंत त्याची नोंद कोठेंही सांपडणार नाहीं. परंतु धर्मग्राम मात्र अधिक भक्कम झालेला दिसेल. प्रभूच्या कृपेनें तसें घडो.