नासिकची तांब्यापितळेची भांडी

नासिकची तांब्यापितळेची भांडी : नासिक शहरात घडविली जाणारी व तेथील पेठेतून महाराष्ट्रातील अनेक घरांत गेलेली स्वयंपाकाची, पाण्याची आणि पूजेची धातूची भांडी. ठोक्याची घडण व चकचकीत झिलई यांबद्दल ती प्रसिद्ध होती. गोदावरीच्या उजव्या तीरावरील जुन्या नासिकमधील तांबट लेन व भांडी बाजार ही नावे ह्या व्यवसायाची निदर्शक होत. घरगुती स्वयंपाकाची साधने, तीर्थक्षेत्राची बाजारपेठ आणि कारागिरांचे वंशपरंपरागत कसब यांचा संयोग या व्यवसायात दिसून येतो.

पूर्वेतिहास : नासिक परिसरात तांब्याचा वापर फार प्राचीन असला, तरी प्रारंभी तो भांड्यांसाठी नव्हता. ह. धी. सांकलिया व शां. भा. देव यांनी १९५०–५१ मध्ये नासिक आणि अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील प्रवरेकाठचे जोर्वे येथे उत्खनने केली. जोर्वे येथे तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या. परंतु तेथील लोकांची स्वयंपाकाची व पाण्याची भांडी मातीचीच होती. तांबड्या रंगाचे, काळ्या नक्षीचे व तोटी असलेले मडके हे तर जोर्वे संस्कृतीचे (सु. इ. स. पू. १४००–७००) ओळखचिन्हच ठरले आहे. दुर्मिळ धातू हत्यारांसाठी व अलंकारांसाठी राखून ठेवावा आणि अन्न मातीच्या भांड्यात शिजवावे, अशी ही विभागणी दिसते.

सातवाहन काळात व त्यानंतर कारागिरांच्या श्रेणी संघटित झाल्याचे शिलालेखांवरून कळते. जुन्नर येथील लेण्यांत कासकार म्हणजे कासार यांच्या श्रेणीचा उल्लेख आहे. नासिकच्या पांडवलेण्यांतील आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळातील लेखात कुलरिक (कुंभार), ओदयंत्रिक (जलयंत्रे करणारे) व तिलपिषक (तेली) यांच्या श्रेणींकडे आजारी भिक्षूंच्या औषधोपचारासाठी ठेवी ठेवल्याची नोंद आहे. धातूची भांडी करणारा वर्ग त्या काळी दख्खनमध्ये स्वतंत्रपणे अस्तित्वात होता, हे जुन्नरच्या लेखावरून स्पष्ट होते.

अठराव्या शतकाच्या मध्यास नासिक मराठ्यांच्या अंमलाखाली आले. पेशवे व त्यांचे सरदार यांनी येथे मंदिरे, घाट व वाडे बांधले. पुरोहितांची वस्ती वाढली आणि त्याबरोबर यात्राही वाढली. पूजेसाठी ताम्हण, पळी, पंचपात्र व गडू, अन्नसंतर्पणासाठी मोठी पातेली, हंडे व पराती आणि वाड्यांतील नित्य वापरासाठी घंगाळे व बंब अशी बारमाही मागणी त्यामुळे निर्माण झाली. दर बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थ पर्वणीत तिच्यात भर पडे. गोदावरीचे तीर्थ व त्यासोबत एखादे नवे भांडे घरी नेण्याच्या प्रथेमुळे नासिकच्या भांड्यांची प्रसिद्धी यात्रेकरूंमार्फत दूरवर पोहोचली.

एकोणिसाव्या शतकात कच्चा माल बदलला. पूर्वी जुनी भांडी वितळवून व ठोकून पत्रा करावा लागे. पुढे यूरोपातून आलेला तयार पत्रा मुंबईहून मिळू लागला. थळ घाटातील लोहमार्ग १८६५ मध्ये खुला झाल्यावर ही आयात सुलभ झाली व तयार भांडी बाहेर पाठविणेही सोयीचे झाले. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नासिक खंडात या उद्योगाची दखल घेतली आहे. आयात पत्र्याने कारागिराचे कष्ट वाचले; मात्र तो पत्र्याच्या व्यापाऱ्यावर अधिक अवलंबून राहू लागला.

घडण : तांबे ठोकून भांडी घडविणारे ते तांबट. हे लोक स्वतःस त्वष्टा कासार असेही म्हणवितात. पितळेची व काशाची भांडी करणे आणि विकणे हा व्यवसाय मुख्यत्वे कासारांचा होय. पितळ हा तांबे व जस्त यांचा, तर कासे हा तांबे व कथील यांचा मिश्रधातू आहे.

हंडा किंवा कळशी यांसारखे भांडे एकसंध पत्र्यातून काढीत नसत. बूड, पोट व गळा हे भाग स्वतंत्र कापून घेत. पत्र्याच्या कडांना दाते पाडून ते एकमेकांत अडकवीत आणि टाकणखार व डाक वापरून सांधा भट्टीत पक्का करीत. नंतर भांडे लांब दांड्याच्या ऐरणीवर चढवून लाकडी मोगरीने व लोखंडी हातोड्याने आकारास आणीत. ठोक्यांनी तांबे कठीण होत जाते व पुढे तडकण्याचा संभव असतो. म्हणून ते पुनःपुन्हा लाल होईतो तापवून मऊ करावे लागते. अखेरीस सर्व पृष्ठभागावर ओळीने हलके ठोके मारतात. या क्रियेस मठारणे म्हणतात. मठारल्याने पत्रा दाट व ताठ होतो. ठोक्यांच्या खुणांची नक्षी ही त्या क्रियेतून आपोआप उमटणारी शोभा होय. शेवटी चिंच किंवा अन्य आम्लाने धुऊन भांडे उजळतात व झिलई देतात. या कामाच्या सततच्या आवाजामुळे तांबटांची वस्ती दुरूनही ओळखू येई. श्रवणशक्ती मंदावणे हा या व्यवसायातील नेहमीचा विकार होता.

प्रकार व उपयोग : मराठी स्वयंपाकघरात प्रत्येक धातूचे कार्य ठरलेले होते. तांबे पाण्यासाठी व पूजेसाठी, पितळ शिजविण्यासाठी, कासे जेवणाच्या ताट-वाटीसाठी आणि लोखंड भाजण्या-तळण्यासाठी वापरीत. दही विरजण्यास मातीचे वा दगडाचे, तर पीठ मळण्यास लाकडी काथवट किंवा पितळी परात असे. काशाच्या वाटीने तळपायांना तेल चोळण्याची रीतही प्रसिद्ध आहे.

भांड्याचा आकार त्याच्या कामातून ठरला. हंड्याचा गळा अरुंद असल्याने डोक्यावरून आणताना पाणी हिंदकळून सांडत नाही. कळशीचे पोट फुगीर व गळा आखूड असल्याने ती कमरेवर घेऊन हाताने धरता येते. पातेल्याचे व तपेल्याचे गोलसर बूड चुलीच्या तीन थानांवर नीट बसते आणि ज्वाळ चहूबाजूंनी लागते. बंबामध्ये मधल्या नळीत विस्तव व भोवती पाणी अशी रचना असल्याने थोड्या जळणावर अंघोळीचे पाणी तापते.

मोठ्या भांड्यांबरोबरच स्वयंपाकाची लहान उपकरणेही पितळेची असत. सोऱ्या हे त्यांपैकी सर्वपरिचित उपकरण होय. दंडगोलात पीठ भरून वरून दट्ट्या दाबला वा फिरविला म्हणजे तळाच्या चकतीतून शेव किंवा चकली पडते; चकती बदलली की पदार्थ बदलतो. पुरणयंत्रात शिजलेली डाळ व गूळ घालून दांडा फिरविला, की जाळीतून मऊ पुरण उतरते. त्यामुळे पाट्यावर पुरण वाटण्याचे कष्ट वाचले. मोदकपात्र, झारा, किसणी, चाळणी आणि खलबत्ता ही याच वर्गातील अन्य साधने होत.

कल्हई : तांबे व पितळ उष्णतेचे उत्तम वाहक असल्याने अन्न सर्व बाजूंनी सारखे शिजते, परंतु ताक, चिंच, आमसूल यांसारख्या आंबट पदार्थांशी त्यांची रासायनिक क्रिया होऊन विषारी क्षार तयार होतात. पदार्थ हिरवट व कडवट होतो, यास कळकणे म्हणतात. ते टाळण्यासाठी भांड्यास आतून कथिलाचा मुलामा देतात [⟶ कल्हई]. घासलेले भांडे भट्टीवर तापवून त्यात नवसागराची पूड टाकतात व कथील टेकवून कापसाच्या बोळ्याने ते सर्वत्र पसरवितात. नवसागरापासून निघणारे आम्ल धातूवरील गंज काढून टाकते व कथील चिकटते. कथील २३२° से. तापमानास वितळते, म्हणून कल्हईच्या भांड्यात डाळ, भात, आमटी शिजवावी, परंतु कोरडे भाजू अथवा तळू नये, हा घरोघरी पाळला जाणारा नियम शास्त्रशुद्ध होता. कथिलात शिशाची भेसळ असल्यास मात्र कल्हईच अपायकारक ठरे. कल्हई झिजत असल्याने दर काही महिन्यांनी ती नव्याने करावी लागे. भाता व कोळसे घेऊन दारोदार फिरणारा कल्हईवाला हा त्यामुळे या व्यवस्थेचा अनिवार्य घटक होता.

आर्थिक व सामाजिक स्थान : भांडी वजनावर विकली जात व मोडीत देताना धातूची किंमत बऱ्याच अंशी परत मिळे. त्यामुळे ती सामान्य कुटुंबाची बचतही होती. लग्नात मुलीस भांडी देत; त्यांवर नाव, प्रसंग व तिथी टोच्याने ठिपक्याठिपक्यांनी कोरीत. दुष्काळात व आजारपणात हीच भांडी गहाण पडत अथवा विकली जात. भांडी गेली म्हणजे चूल बंद पडे, याची जाणीव कायद्यासही होती. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमानुसार ऋणकोची व त्याच्या कुटुंबाची स्वयंपाकाची भांडी जप्तीतून वगळलेली आहेत. कारागिराच्या हत्यारांनाही त्याच कलमाने संरक्षण दिले आहे. गृहिणीचे पातेले व तांबटाचा हातोडा यांना कायद्याने अशा प्रकारे एकाच पंक्तीस बसविले.

धातूचे भांडे हे प्रतिष्ठेचे चिन्ह असल्याने ते सर्वांना वापरू दिले जात नसे. गुजरातमधील अहमदाबाद जिल्ह्यातील एका गावी अस्पृश्य मानलेल्या समाजातील सुस्थितीतील स्त्रिया धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या, म्हणून त्यांना मारहाण झाली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ॲनिहिलेशन ऑफ कास्ट (१९३६) या ग्रंथात या घटनेची नोंद केली आहे. पितळी कळशीच्या चकाकीत सामाजिक विषमतेचा हा भागही अंतर्भूत होता.

ऱ्हास : या भांड्यांना पहिला स्पर्धक ॲल्युमिनियम हा होता. ॲल्फ्रेड चॅटर्टन यांनी १८९८ मध्ये मद्रास येथे ॲल्युमिनियमची भांडी तयार करण्याचे प्रयोग सुरू केले व विसाव्या शतकात ती सर्वत्र पसरली. ती हलकी, स्वस्त व कल्हईची गरज नसलेली होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, मलाया व इंडोनेशिया हे कथिलाचे मोठे उत्पादक प्रदेश जपानच्या ताब्यात गेल्याने कल्हईचा हा मूळ घटकही दुर्मिळ झाला.

निर्णायक बदल मात्र अगंज पोलादाने म्हणजे स्टेनलेस स्टीलने घडविला. स्वातंत्र्योत्तर काळात, विशेषतः १९६० नंतर, स्टीलची भांडी मध्यमवर्गीय घरांत रूढ झाली. स्टीलची उष्णतावाहकता तांब्याच्या सु. पंचविसाव्या भागाइतकीच असल्याने पदार्थ बुडास लागतो. तांब्याच्या बुडाची स्टीलची पातेली हा त्यावरील तोडगा होय. तथापि स्टील कळकत नाही, त्यास कल्हई लागत नाही आणि चिंच-राखेने रोज घासून ते उजळावे लागत नाही. हे घासण्याचे श्रम प्रामुख्याने स्त्रियांच्या वाट्यास येत. त्यामुळे स्टीलचा स्वीकार त्यांनी केवळ अनुकरणाने केला, असे म्हणता येत नाही.

त्याच सुमारास स्वयंपाकघराची रचनाही पालटली. १९५५ मध्ये मुंबईत घरगुती वापराच्या द्रवरूप पेट्रोलियम वायूची विक्री सुरू झाली आणि १९५९ पासून दाबपाचक (प्रेशर कुकर) भारतात तयार होऊ लागला. गॅसच्या शेगडीला सपाट बुडाची भांडी अधिक सोयीची पडली. घरोघरी नळ आल्यावर हंडा-कळशीचे व विजेवर पाणी तापू लागल्यावर बंबाचे प्रयोजन उरले नाही. मिक्सरने पाटा-वरवंटा व खलबत्ता मागे टाकला. हातघडणीची जी कामे उरली, त्यांत दाबयंत्रावर व चरकावर काढलेल्या बिनसांध्याच्या भांड्यांची स्पर्धा निर्माण झाली. पुणे येथील तांबट आळीतील व्यवसायासही याच परिस्थितीस तोंड द्यावे लागले.

सद्यःस्थिती : नासिकचा भांडी बाजार आजही चालू आहे, तेथे स्टीलच्या भांड्यांबरोबर तांब्यापितळेची भांडी, पूजेची उपकरणे व मूर्ती विकल्या जातात. बाजार नदीच्या पूररेषेत असल्याने १९६९, २००८, २०१६ व २०१९ यांसारख्या मोठ्या पुरांत गोदावरीचे पाणी या भागात शिरले. एकविसाव्या शतकात तांब्याच्या पाण्याच्या भांड्यांना व पितळी पातेल्यांना नव्याने मागणी आली आहे. तांब्याच्या व पितळेच्या भांड्यात साठविलेल्या पाण्यातील काही रोगजंतू नष्ट होतात, असे प्रयोगांनी दाखवून दिल्याने तिला पुष्टी मिळाली. ही मागणी बव्हंशी यंत्रावर घडविलेल्या मालाने भागविली जाते. चुंबकीय गुणधर्म नसल्याने ही भांडी विजेच्या नेहमीच्या प्रवर्तन (इंडक्शन) शेगडीवर मात्र चालत नाहीत.

पंजाबातील जंडियाला गुरू येथील ठठेरांच्या तांब्यापितळेच्या भांड्यांच्या कारागिरीचा समावेश यूनेस्कोने २०१४ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत केला. ठोक्याने भांडी घडविण्याच्या कलेस त्यामुळे आंतरराष्ट्रीय मान्यता लाभली. नासिकमधील जुन्या घरांत नाव कोरलेले हंडे, घंगाळे व सोऱ्ये अद्याप आढळतात. परंतु मोडीत गेलेल्या भांड्याचा धातू पुन्हा वापरात येत असला, तरी त्याचा आकार, त्यावरील लेख व सांध्याची रीत त्याबरोबर नाहीशी होते. या व्यवसायाची लेखी साधने थोडी असल्याने ही भांडी व ती घडविण्याची हत्यारे हाच त्याच्या इतिहासाचा मुख्य पुरावा होय.