घोडेगावचा दिवा आणि विहिरीवरची मोटर

अहमदनगरहून औरंगाबादेकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर, जेथून शनिशिंगणापूरची वाट फुटते, त्या मौजे घोडेगावची ख्याती जनावरांच्या बाजारासाठी आणि कांद्याच्या लिलावांसाठी आहे. परंतु या गावातील घराघरांत सायंकाळी लागणारा दिवा स्थिर का राहत नसे, याचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्याचा आरंभ शिवारातील विहिरींपासून करावा लागेल, असे माझे निश्चित मत आहे.

ज्योतीच्या अस्थैर्याचा विचार या नेवासे तालुक्याला नवा नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या चित्ताला निर्वात स्थळीच्या अचल दीपाची उपमा आहे, आणि त्या अध्यायाचे मराठी निरूपण ज्या ग्रंथात आहे तो ग्रंथ ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये येथील नेवाशासच सिद्ध केला. देवळातील नंदादीपाच्या तेलासाठी जमिनी इनाम देण्याची वहिवाट पुढे मराठेशाहीतही चालू होती. रयतेच्या घरी मात्र करडईच्या तेलाची पणती आणि वाऱ्यापासून तिला राखणारा देवळीचा आडोसा, एवढाच बंदोबस्त असे.

रॉकेल आले, कंदील आला, आणि कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ मध्ये उभारलेल्या ओगल्यांच्या काच कारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रात घरोघर टांगला गेला. या कंदिलाचे दुखणे ओळखण्याची विद्या घरातील बायकांच्या हाती होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्योत तडतडून उडू लागली की रॉकेलात पाणी शिरले. एका कडेने जिभेसारखी वर चढली की वात वाकडी कातरली गेली. काच काळवंडू लागली की एकतर वात फार वर काढली आहे, नाहीतर बर्नरची बारीक भोके काजळीने बुजली आहेत. दिवेलागणीच्या आधी चुलीतली राख मऊ फडक्यावर घेऊन काच पुसताना हे निदान होऊन जाई, आणि त्यासाठी कोणाला बोलावणे धाडावे लागत नसे.

२० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि दोनच वर्षांत कोयनेची वीज वाहू लागली; १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ निघाले, आणि त्याच्या साहाय्याने देशात ज्या पहिल्या पाच ग्रामीण वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या, त्यांपैकी मुळा-प्रवरा ही श्रीरामपूर-राहुरीच्या टापूत, म्हणजे अगदी शेजारीच, होती. परंतु या अवर्षणप्रवण मुलखात तारा ओढल्या गेल्या त्या मुख्यतः पाण्याच्या ओढीने. १९७२ च्या दुष्काळानंतर विहिरी खोल गेल्या, मोटेची जागा इंजिनाने आणि इंजिनाची जागा मोटरीने घेतली, आणि घरातला दिवा त्या मोटरीच्या पाठोपाठ, तिच्याच डीपीवर, आला. मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह क्षणभर ओढते; लांबवर नेलेल्या बारीक तारेत तेवढ्याने व्होल्टेज कोसळते; आणि व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरले तर तंतूच्या बल्बाचा उजेड सुमारे तीस टक्क्यांनी उतरतो. म्हणून रब्बीच्या हंगामात गावातला बल्ब लालसर होऊन डुलक्या घेई, ट्यूब तर पेटतच नसे. स्टार्टर नुसता मिचमिचत राही आणि तिची दोन्ही टोके काळी पडत.

या काळात निदानाची विद्या घरातून निघून वायरमनच्या पिशवीत गेली. सरकारी दप्तरात त्याला तारतंत्री म्हणत. होल्डरला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प, पक्कड, टेस्टर आणि चिनी मातीच्या फ्यूजमध्ये घालायची तार, एवढ्या सामग्रीवर तो काम करी; पण त्याची खरी हत्यारे म्हणजे त्याचे प्रश्न. एकच दिवा फडफडतो का? मग होल्डरच्या पिना दबल्या आहेत. एका खोलीतले सगळे? मग बोर्डातला स्क्रू ढिला आहे. सगळे घर? मग खांबावरच्या जोडात ॲल्युमिनियमच्या तारेवर गंज धरला आहे. आणि एका घरात बल्ब पिवळट, तर शेजारच्या घरात डोळे दिपवणारा, असे ऐकताच तो पिशवी खाली ठेवून आधी मेन स्विच बंद करावयास लावी, कारण डीपीचा न्यूट्रल सुटल्याची ती खूण असते आणि अशा वेळी घरातील सारी उपकरणे जळू शकतात. बाहेरून आत न येता आतून बाहेर जाण्याचा हा क्रम मला कोणत्याही शास्त्रीय अन्वेषणाइतका आदरणीय वाटतो.

पुढे शेतीचे आणि गावठाणाचे फिडर वेगळे करण्याचे धोरण आले. त्यापूर्वी सिंगल फेजच्या वेळेत घरांसाठी सोडलेल्या विजेवर फेज कन्व्हर्टर लावून मोटरी चालविल्या जात आणि गावातले दिवे पुन्हा मंदावत. शेतकऱ्याला त्याबद्दल दोष देणे मला अन्यायाचे वाटते, कारण उभे पीक सुकत असताना दिव्याचा विचार कोण करील? गावठाणाचा फिडर जेथे खरोखर स्वतंत्र झाला, तेथे मोटरीमुळे होणारी फडफड बव्हंशी थांबली. २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन महावितरण आले, आणि तंतूचा बल्ब जाऊन एलईडी आला. तो व्होल्टेजच्या उतारचढावाला फारशी दाद देत नाही, पण स्विच बंद केल्यावरही कधीकधी मंद मिणमिणतो, आणि त्याचे कारण बहुधा असे असते की स्विचमधल्या खुणेच्या दिव्यातून थोडा प्रवाह झिरपत असतो किंवा वायरिंग करणाऱ्याने फेजऐवजी न्यूट्रल तोडलेला असतो. यांपैकी दुसरा दोष धोक्याचा आहे, कारण स्विच बंद असूनही होल्डर जिवंतच राहतो.

२०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना जाहीर झाली आणि तिच्या आरंभीच्या प्रकल्पांपैकी एक याच जिल्ह्यात, राळेगणसिद्धीस, उभा राहिला. शेतीला दिवसा, सूर्यापासूनच वीज मिळावी, हा तिचा हेतू. ती सर्व शिवारांत पोहोचली, तर मोटरीने दुपारी चालावे आणि दिव्याने रात्री, अशी दोघांची वाटणी होईल, आणि विहिरीवर रात्री जागणाऱ्या माणसाला घरी झोपता येईल.