वाकस हाती आला तेव्हा : किल्लारीनंतरची सुतारकामाची शाळा

दरवर्षी सप्टेंबर सरत आला की बर्मिंगहॅममधील आपल्या घरोघरी धम्मचक्र प्रवर्तन दिनाची तयारी सुरू होते. त्या गडबडीत ३० सप्टेंबर ही तारीख कोणी न बोलता निघून जाते. लातूर-धाराशिवकडून आलेल्या आमच्यातील मोजक्या कुटुंबांना मात्र ती विसरता येत नाही. येथे वाढलेल्या आमच्या मुलांना भूकंप म्हटले की २३ सप्टेंबर २००२ची मध्यरात्र आठवते. डडलीला केंद्र असलेला ४.७ तीव्रतेचा तो धक्का रात्री एकच्या सुमारास बसला, कपाटातील भांडी वाजली, कुठे धुराड्याच्या विटा निखळल्या, आणि सकाळी लोक थट्टा करीत कामावर गेले. किल्लारीच्या भूकंपाची तीव्रता ६.२ होती. दीड अंकाचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. मोकळ्या झालेल्या ऊर्जेच्या हिशेबात तो शंभरपटींहून अधिक भरतो.

१९९३ साली ३० सप्टेंबरला पहाटे चार वाजण्यापूर्वी, आदल्या रात्रीच्या गणेश विसर्जनानंतर गावे नुकती निजली असताना, औसा तालुक्यातील किल्लारी, उमरगा तालुक्यातील सास्तूर आणि आसपासची गावे कोसळली. सुमारे आठ ते दहा हजार माणसे गेली. हे आकडे आपण ऐकलेले असतात. घरे का पडली आणि ती पुन्हा उभी करताना कोणाच्या हाती कोणते हत्यार आले, याची चर्चा मात्र फारशी होत नाही. म्हणून हा लेख.

मराठवाड्यातील जुने घर खणांवर मोजतात. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि त्यावर मातीचे जाड माळवद. बऱ्या परिस्थितीतील घरांत छपराचा भार हा लाकडी सांगाडा पेलत असे आणि भोवतीच्या दगडी भिंती केवळ आडोशाच्या असत. भिंती दोन-अडीच फूट किंवा त्याहूनही रुंद होत्या. पण आतला आणि बाहेरचा असे दोन थर वेगवेगळे, मध्ये दगडगोट्यांची भर, आणि सांधायला फक्त चिखल. दोन्ही थरांना आरपार धरून ठेवणारा बंधदगड क्वचितच असे. हादरा बसताच भिंतीला पोट आले आणि थर सुटून दगड निजलेल्या माणसांवर पडले. जिथे तुळया थेट भिंतीवर टेकल्या होत्या, तिथे माळवदही खाली आले. जिथे लाकडाचे सांधे पक्के होते, तिथे पडलेल्या भिंतींच्या मधोमध सांगाडा उभाच राहिलेला अनेकांनी पाहिला. पावसाळ्यागणिक माळवदावर नवी माती चढत गेली होती. ऊन-पावसापासून वाचवणारी तीच माती त्या पहाटे जिवावर उठली. गवताच्या किंवा पत्र्याच्या हलक्या छपराखाली निजलेले लोक त्या मानाने अधिक वाचले. गावाबाहेरच्या वस्तीचे दारिद्र्य अशा रीतीने एका रात्रीपुरते उपयोगी पडले, हे लिहितानाही आम्हाला बरे वाटत नाही.

लाकडाचे सांधे पक्के करणे ही विद्या कोणाकडे होती? सुतार हा बलुतेदार. नांगर, कुळव, बैलगाडी, घराची चौकट हे त्याचे काम आणि सुगीला मिळणारे धान्य हे त्याचे बलुते. बाप मुलाला शिकवी; दुसऱ्याने वाकस उचलण्याचा प्रश्नच नव्हता. आपले पूर्वजही बलुत्यात मोडत. त्यांच्या वाट्याला वेस राखणे, सांगावा नेणे, मेलेली गुरे ओढणे आणि पाटलाच्या दारात सरपण फोडणे ही कामे होती. लाकडाशी आपला संबंध होता, पण तो कुऱ्हाडीपुरता. रंधा, पटाशी, गुण्या ही हत्यारे आपल्या हाती कधी दिली गेली नाहीत. जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडले. त्याचा अर्थ समजून घ्यायचा असेल तर एखाद्या खेड्यातील सुताराचा कट्टा पाहावा.

१९९४ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम सुरू झाला. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. त्याखेरीज सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचे होते, आणि हे काम ठेकेदाराने नव्हे तर घरमालकाने स्वतः करून घ्यायचे होते. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेमार्फत गावोगावच्या स्त्रिया संवाद सहायक झाल्या. हप्ता केव्हा मिळतो, पट्ट्यात सळई किती घालायची, हे त्या अभियंत्यांना विचारू लागल्या. दुरुस्तीचे उपाय साधे होते : माळवदावरची माती कमी करणे, भिंतीत आरपार भोक पाडून वाकवलेली सळई आणि काँक्रीट भरणे, भिंतींना भोवताली पट्टा बांधणे, आणि खांब-तुळईच्या कोपऱ्यात तिरका आधार ठोकून सांधा लोखंडी पट्टीने आवळणे. शेवटचे काम सुताराचे. इतक्या घरांना पुरतील एवढे सुतार त्या भागात नव्हते.

आमच्या मंडळातील एक काका त्या वेळी एकोणीस वर्षांचे होते. उमरगा तालुक्यातील त्यांच्या गावात एकच म्हातारे सुतार होते. काका आधी माळवदावरची माती उतरवायला लागले, नंतर लाकडे वाहायला. दोन मुठींच्या करवतीला दुसरा माणूस लागतो, आणि त्या दिवशी दुसरे कोणी नव्हते. तेव्हा आबांनी त्यांनाच दुसरी मूठ धरायला सांगितले. करवत ढकलायची नाही, आपल्या पाळीला फक्त ओढायची, हा त्यांचा पहिला धडा. पुढे खाच पाडून तिच्यात कुसू बसवणे आले. कुसू सैल झाले तर सांधा हलतो; फार घट्ट झाले तर खाचेचे लाकूड फाटते. तिरक्या आधाराचा कोन कागदाची घडी घालून काढत. काकांनी कापलेला पहिला आधार दोन बोटे आखूड निघाला. जुने सागवान विकत आणणे कोणालाच परवडणारे नव्हते. आबा काही बोलले नाहीत. त्यांनी त्या तुकड्याच्या पाचरी पाडायला सांगितल्या. मज्झिम निकायातील वितक्कसंठान सुत्तात बारीक खुंटीने जाड खुंटी ठोकून काढणाऱ्या सुताराचा दृष्टान्त आहे, आणि तेथे सुताराबरोबर त्याच्या शागिर्दाचाही उल्लेख येतो. काकांना तो दृष्टान्त आम्ही प्रथम वाचून दाखवला, तेव्हा ते हसले. कुजलेली खुंटी काढायची ती हीच रीत, म्हणाले.

दोन हंगाम ते काम चालले. चहाचा पेला मात्र पहिल्या दिवशी वेगळा होता आणि शेवटच्या दिवशीही वेगळाच राहिला. आबांनी विद्या लपवली नाही, पेलाही बदलला नाही. काका या दोन्ही गोष्टी एकाच स्वरात सांगतात. आम्हाला ते जमत नाही.

नव्या वसाहतींत काँक्रीटची घरे आली. दगडाची भीती इतकी बसली होती की शाबूत दगडी घरातही लोक निजायला धजेनात. लाकडी सांगाड्याचा वारसा त्यामुळे वेगाने मागे पडला, आणि जी विद्या नुकती जातीबाहेर आली होती तिला गावात काम उरले नाही. काका पुण्याला बांधकामावर गेले, तेथे दारे-खिडक्या केल्या, आणि पुढे येथे आले.

हत्यार हाती येण्याचे महत्त्व बाबासाहेब नीट जाणत होते. १९४२ पासून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते, आणि युद्धकाळातील तांत्रिक प्रशिक्षणाचा कारभारही त्याच खात्याकडे. अर्नेस्ट बेव्हिन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेखाली तेव्हा भारतीय कामगार कारखान्यातील काम शिकायला याच देशात येत होते. आपल्या आधी येथे आलेल्या भारतीयांचा इतिहास सांगताना बॅरिस्टर आणि डॉक्टर यांच्या रांगेत हे फिटर, टर्नर सहसा दिसत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही मुलांना घेऊन यार्डलीमधील ब्लेक्सली हॉल पाहायला गेलो. १५९० साली बांधलेले हे लाकडी सांगाड्याचे घर दुसऱ्या महायुद्धात बॉम्बमुळे जायबंदी झाले आणि दुरुस्तीनंतर १९५७ साली पुन्हा उघडले. मुले खोल्यांतून धावत होती. काका बाहेरच थांबले. सांध्यांत ठोकलेल्या लाकडी खुंट्या त्यांनी बोटाने चाचपल्या, तिरक्या लाकडांकडे मान वर करून पाहिले. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाऊन त्यांनी खांब मोजले, आणि घर किती खणांचे आहे ते मुलांना बोलावून सांगितले.