मारहाणीचा गुन्हा व नोंदीचे निरसन (गुरुग्राम)

हरयाणातील गुरुग्राम (२०१६ पर्यंत गुडगाव) पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत मारहाणीबद्दल दाखल होणारे गुन्हे, त्यांची कलमे आणि प्रकरण निकाली निघाल्यावर आरोपीच्या नावापुढे उरणारी नोंद. कायदा देशभर एकच. कागदपत्रांची नावे व कचेरीचे वळण मात्र पंजाब-हरयाणाचे. शहर दिल्लीला खेटून असले तरी त्याचे उच्च न्यायालय चंदीगडला आहे. दिल्लीत राहून येथे नोकरी करणाऱ्या परप्रांतीयांच्या, त्यांत मराठी मंडळींच्याही, हे सहसा वकील गाठेपर्यंत ध्यानात येत नाही.

कलमे : १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनांना भारतीय दंड संहिता (१८६०) लागू होते, नंतरच्या घटनांना भारतीय न्याय संहिता. आता मार बसणार अशी धास्ती समोरच्याला वाटेल असा हात उगारणे म्हणजे ‘हमला’ (क. १३०), त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद. प्रत्यक्ष इजा झाली की ‘दुखापत’ (क. ११५-२, जुने ३२३); एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हाड मोडणे, दात पडणे, दृष्टी कायमची जाणे ही ‘जबर दुखापत’ (क. ११७-२, जुने ३२५), सात वर्षांपर्यंत कैद. तीव्र वेदना किंवा नित्याचे व्यवहार बंद पडणे यासाठी जुन्या कायद्यात वीस दिवसांची कसोटी होती, नव्यात ती पंधरा दिवसांवर आली. घातक हत्यार वा साधन वापरल्यास क. ११८. लोकसेवकावरील हमला : क. १३२.

स्त्रियांवरील हमला : क. ७४, विषय स्वतंत्र नोंदीचा.

कलम कसे ठरते : पुष्कळदा सरकारी रुग्णालयात. मेडिको-लीगल रिपोर्टमध्ये (बोलीत ‘एमएलआर’) डॉक्टर प्रत्येक जखमेची लांबी-रुंदी, ती बोथट वस्तूने झाली की धारदार, ताजी की जुनी, हे लिहितात. एक्स-रे यायचा असेल तर मत राखून ठेवतात. फिल्मवर फ्रॅक्चरची बारीकशी रेघ दिसली तरी एक वर्षाचे कलम सात वर्षांचे होते. साधी दुखापत अदखलपात्र असल्याने ठाण्याच्या रोजनाम्यात नुसती नोंद (‘डीडीआर’, महाराष्ट्रातील ‘एनसी’) होते आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाविना तपास होत नाही. परंतु वाट अडवल्याचे क. १२६(२) जोडले गेले तर ते दखलपात्र आहे, आणि एक कलम दखलपात्र असले की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या क. १७४ प्रमाणे सगळे प्रकरणच दखलपात्र धरले जाते. फिर्यादीत ‘रस्ता अडवून’ हे शब्द आवर्जून का येतात, ते यावरून कळावे. दोन्ही बाजूंनी एकमेकांवर फिर्याद करणे (‘क्रॉस केस’) हेही नेहमीचेच.

ऑगस्ट २०२२ मध्ये निर्वाणा कंट्री भागातील एका सोसायटीत लिफ्टमध्ये काही मिनिटे अडकलेल्या रहिवाशाने बाहेर येताच सुरक्षारक्षक व लिफ्टचालक यांना थपडा मारल्या. ज्यांनी त्याला सोडवले तेच हे दोघे. सीसीटीव्हीचे चित्रण देशभर फिरले, रक्षकांनी निदर्शने केली, गुन्हा नोंदला जाऊन अटक झाली आणि जामीनही झाला. मारहाण साधी असेल तर कलम जामीनपात्रच असते. पण चित्रण कोणत्याच कलमाने पुसले जात नाही.

तडजोड व चंदीगड : साधी दुखापत जखमीच्या संमतीने मिटवता येते, जबर दुखापत न्यायालयाच्या परवानगीने (नागरिक सुरक्षा संहितेचे क. ३५९). अशी तडजोड निर्दोष सुटकेसारखीच धरली जाते. घातक हत्याराचे क. ११८ मात्र त्या कलमातील तक्त्यात नाही. तेथे उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकाराखाली (त्याच संहितेचे क. ५२८, जुने ४८२) एफआयआर रद्द करून घ्यावी लागते. अशा रद्दीकरणाच्या कायद्याचा पाया बराचसा याच न्यायालयाच्या प्रदेशात घातला गेला. कुलविंदर सिंग (२००७) प्रकरणी पाच न्यायाधीशांच्या पीठाने तडजोडीस अपात्र गुन्ह्यांतही हा अधिकार मान्य केला. सर्वोच्च न्यायालयाने ग्यान सिंग (२०१२) निकालात तीच दिशा घेतली, आणि नरिंदर सिंग (२०१४) मध्ये जखम शरीराच्या कोणत्या भागावर व कोणत्या हत्याराने झाली हे पाहण्यास सांगितले. तिन्ही पंजाबचे खटले. तडजोडीविना एफआयआर रद्द होण्याचे सात प्रसंग ज्या भजनलाल निकालात (१९९०) सांगितले, तो हरयाणाचा. आणि गंमत अशी की त्याच निकालाने एफआयआर रद्द करणारा उच्च न्यायालयाचा आदेश फिरवला होता.

पद्धत ठरलेली आहे. लेखी तडजोड (कचेरीत ‘राजीनामा’) जोडून याचिका दाखल होते. उच्च न्यायालय उभय पक्षांना गुरुग्रामच्या इलाका मॅजिस्ट्रेटपुढे जबाबासाठी पाठवते. तडजोड दबावाविना झाली का, सर्व जखमी तीत सामील आहेत का, आरोपी किती, त्यांपैकी कोणी फरारी घोषित आहे का, याचा अहवाल तेथून चंदीगडला जातो. मग आदेश; काही वेळा खर्चाची रक्कम भरण्याच्या अटीसह. आदेशाची प्रमाणित प्रत ठाण्यात स्वतः नेऊन देणे शहाणपणाचे.

नोंदीचे पुढे काय : इंग्लंडमध्ये १९७४च्या कायद्याने ठरावीक काळानंतर बहुतेक शिक्षा ‘संपलेली’ मानली जाते. प्रौढांसाठी तशी सर्वसाधारण तरतूद भारतात नाही. आरोपमुक्ती, निर्दोष सुटका, एफआयआर रद्द होणे यांनी खटला संपतो. ठाण्याचा मूळ कागद आपोआप नाहीसा होत नाही. १९५८च्या परिवीक्षा अधिनियमाखाली सुटलेल्यास क. १२ प्रमाणे दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही, पण दोषसिद्धी राहतेच. बोटांचे ठसे वगैरे नोंदी २०२२च्या ओळख अधिनियमाप्रमाणे ७५ वर्षे ठेवल्या जातात. पूर्वी शिक्षा न झालेली व्यक्ती निर्दोष सुटली तर, न्यायालयाने वेगळे न सांगितल्यास, त्या नष्ट करायच्या असतात.

नोकरीच्या पडताळणी अर्जात मिटलेले प्रकरण विचारले असेल तर लपवू नये. अवतार सिंग (२०१६) निकालानंतर क्षुल्लक गुन्ह्याबाबत नियोक्ता दुर्लक्ष करू शकतो. लपवाछपवी मात्र नियुक्ती रद्द होण्यास कारण ठरू शकते. संकेतस्थळांवरील निकालांतून नाव काढण्याबाबत मतभेद आहेत : दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एका निर्दोष सुटलेल्यास अंतरिम दिलासा दिला, तर २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या तशाच आदेशाला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली.

पारपत्र : खटला चालू असताना न्यायालयाची परवानगी लागते (२५ ऑगस्ट १९९३ची अधिसूचना).

अल्पवयीन : बाल न्याय अधिनियम, २०१५, क. २४. दोषसिद्धीची अपात्रता लागत नाही. अपिलाची मुदत संपल्यावर नोंदी नष्ट करण्याचा आदेश बाल न्याय मंडळ देते. सोळा वर्षांवरील मुलांचे घृणास्पद गुन्हे अपवाद.