टपाल तपासणाऱ्याचे संस्थान

भोर संस्थान कशावर उभे राहिले असे विचारले, तर लोक रोहिडा, राजगड, तोरणा या किल्ल्यांकडे बोट दाखवतात. संस्थानाचे मूळपुरुष शंकराजी नारायण लढवय्ये होतेच. मोगलांकडे गेलेले किल्ले त्यांनी परत घेतले. पण राजाराम महाराजांनी त्यांना जे पद दिले ते सचिवाचे, आणि ‘पंत सचिव’ हीच पुढे भोरच्या राजांची पदवी झाली. सचिव म्हणजे आधीचा सुरनीस. फारसी नावे जाऊन संस्कृत नावे आली, पण काम तेच राहिले. सरकारातून निघणारी पत्रे वाचायची, अधिकउणे अक्षर शुद्ध करायचे, महालांचे हिशेब तपासायचे आणि संमतीची खूण करायची. मोडी पत्राच्या शेवटी ‘बार’ असा शेरा असतो, तो दप्तरी नोंद झाल्याचा. थोडक्यात, आपल्या भोर-वेल्ह्यावर अडीचशे वर्षे ज्या घराण्याने राज्य केले, त्याची मूळ नेमणूक टपाल तपासायची.

हा धागा सापडला आणि ‘इनबॉक्स भरला’ ही आजची ओरड मला फार जुनी वाटू लागली.

ईमेलचा स्वतःचा इतिहास दोन ओळींत संपतो. 1971 मध्ये रे टॉमलिन्सनने एका संगणकावरून दुसऱ्यावर निरोप पाठवला. 1 एप्रिल 2004 रोजी जीमेल आले, एक जीबी जागा आणि ‘अर्काइव्ह’चे बटण घेऊन. पत्र पुसायचे नाही, फक्त समोरून हलवायचे. लोकांना ही कल्पना नवी वाटली, पण पुण्याला ती दोनशेहून अधिक वर्षे आधीच ठाऊक होती.

पेशव्यांच्या हुजूर दफ्तराचे दोन मोठे भाग होते. चालते दफ्तर आणि एकबेरीज दफ्तर. रोजचे काम, फडाचे हुकूम, सरंजामाचे कागद चालत्यात. सगळ्या खात्यांचे हिशेब एकबेरजेत यायचे, लावले जायचे, त्यांचे गोषवारे निघायचे, आणि ते पुण्यातच राहायचे. पेशव्यांची स्वारी कुठेही असो, एकबेरीज हलत नसे. शेवटच्या बाजीरावाच्या काळात मात्र तिकडे दुर्लक्ष झाले आणि लोक कागद उचलून घरी नेऊ लागले. तरीही पेशवे दफ्तरात आज सुमारे 35 हजार रुमाल आहेत. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. चौरस कापडाच्या मधोमध कागदांची चळत ठेवायची, समोरासमोरची टोके ओढून गाठ मारायची आणि वर विषयाची चिठ्ठी.

आता सरकारी कचेरीतली सहा गठ्ठे पद्धत पाहा. प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे. माझे म्हणणे असे की पहिले चार गठ्ठे म्हणजे चालते दफ्तर आणि पाचवा म्हणजे एकबेरीज.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की ही सारी शिस्त साहेबाची. कागद जपण्याच्या मुदतीचे अ, ब, क, ड हे वर्ग त्याच्या वळणाचे आहेत, हे कबूल. अ कायम, ब 30 वर्षे, क 10, ड एकच वर्ष. कागदाला आयुष्य ठरवून देणे हे इंग्रजी डोके. पण ते फक्त पाचव्या-सहाव्या गठ्ठ्याला लागू पडते. चालू आणि संपलेले वेगळे ठेवण्याची रीत त्याला इथे तयार मिळाली होती. पेशवाईतल्या दफ्तराची मांडणी इंग्रज अधिकाऱ्यांनीच टिपून ठेवली आहे. दुसरा आक्षेप जवळचा आहे. 1980च्या दशकात नगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीची जी फेरमांडणी केली, तिला श्रेय का देऊ नये? जरूर द्यावे. ‘लखिना पॅटर्न’ने टेबले, कपाटे आणि कारकुनाची बसण्याची जागासुद्धा बदलली. तरी गठ्ठ्यामागचा विचार मी पुण्याच्या खात्यावरच मांडतो. मुलूख तोच, भाषा तीच, कारकुनांची घराणीही बरीचशी तीच. अशा सवयी साहेब बदलला म्हणून जात नाहीत.

जाता जाता एक गंमत. वेल्हे तालुक्याचे आता ‘राजगड’ असे नामकरण झाले आहे. भोर संस्थानात राजगड नावाचा तालुका होताच, शेजारी प्रचंडगड, म्हणजे तोरणा, आणि विचित्रगड, म्हणजे रोहिडा. 1948 मध्ये संस्थान विलीन झाले, तसे ते नाव जणू पाचव्या गठ्ठ्यात गेले होते, ते परत पहिल्यात आले.

ईमेलपेटीला हेच लावून पाहा. उत्तर द्यायचे, उत्तराची वाट पाहायची, दरमहा येणारे, कायमचे आदेश असे चार कप्पे करा, बाकीचे अर्काइव्ह. सहाव्या गठ्ठ्याला मात्र हात जपून लावा. भोर तालुक्यातल्या कारीच्या जेधे देशमुखांनी घरात कागद जपले नसते, तर 1916 मध्ये जेधे शकावली छापली गेली नसती, आणि शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551 ही तिथी पुढे आली नसती. तुमच्या वाड्याच्या माळ्यावर मोडी कागदांचा रुमाल असेल, तर रद्दीवाल्याला देण्याआधी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात नेऊन दाखवा.