जोखमी हुंडीचं कूळ

साधी हुंडी बहुतेकांना ठाऊक असते: इथे पैसे भरायचे, तिथल्या पेढीवर उचलायचे. जोखमी हुंडीची चाल वेगळी. गलबतावर माल चढला की व्यापारी, माल ज्याच्याकडे जायचा त्याच्यावर हुंडी लिही आणि ती सावकाराला विकून रोकड घेई. माल सुखरूप बंदराला लागला तर हुंडी वटायची. गलबत बुडालं तर सावकाराचे पैसेही बुडाले. एकाच कागदात उसनवार, रवानगी आणि विमा! असल्या हुंड्यांचे तंटे एकोणिसाव्या शतकात मुंबई हायकोर्टापर्यंत गेले.

हाच व्यवहार इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अथेन्समध्ये चालत होता. डेमोस्थेनीसच्या एका भाषणात हेगेस्त्रातोस नावाचा कर्जदार भेटतो. जहाज बुडालं की कर्ज फिटलं, म्हणून तो रात्री जहाजाच्या तळाला भोक पाडायला बसला; पकडला जाताच होडीत उडी टाकायला गेला, ती चुकली आणि बुडून मेला. विम्याच्या लबाडीचा इतका जुना आणि इतका चोख निकाल माझ्या तरी वाचनात नाही.

आपल्याकडे कौटिल्याने या धोक्याला दरच ठरवून दिला. शेकडा दरमहा सव्वा पण हे रास्त व्याज, व्यापाऱ्यांना पाच, अरण्यातून जाणाऱ्यांना दहा, समुद्रावर जाणाऱ्यांना वीस. काही अभ्यासक म्हणतात, सागरी व्यापारात नफा मोठा म्हणून व्याज मोठं. मला हे पटत नाही. निव्वळ नफाच पाहायचा असता तर रानवाटेला वेगळा भाव कशाला? पाचाचे वीस होतात ते मुख्यतः धोक्यापायी. हा विम्याचा हप्ताच आहे, फक्त व्याजात दडलेला.

तो व्याजातून बाहेर कसा पडला? माझ्या मते पोपमुळे. नववा ग्रेगरी याने 1230 च्या दशकात सागरी कर्जावरचं जादा व्याजही सावकारी पाप ठरवलं. पुढे 23 ऑक्टोबर 1347 रोजी जिनोव्हाच्या नोटरीपुढे एक गमतीदार दस्त झाला. जॉर्ज लेकाव्हेलम लिहून देतो की मला 107 पौंड बिनव्याजी उसने मिळाले. ‘सांता क्लारा’ जहाज मायोर्काला सुखरूप पोचलं तर देणं रद्द, नाही तर मी परत करीन. उसने कुणी दिलेच नव्हते. सागरी कर्ज उलटं करून लिहिलेला हा विमा होता, आणि हप्त्याचा त्यात उल्लेखही नाही. आपल्याकडे धर्मशास्त्राला वीस टक्के चालत होते, म्हणून असं सोंग आणावं लागलं नाही आणि हुंडी एकसंध राहिली.

या तर्काला आडवा येतो सुजानराय भंडारी. 1695 च्या ‘खुलासतुत्तवारीख’मध्ये तो सराफांच्या विम्याचं वर्णन करतो, म्हणजे पोपच्या बंदीवाचूनही विमा कर्जापासून सुटा झाला होता. शिवाय आपले हुंडेकरी होतेच: ठरीव रक्कम घेऊन वाटेतल्या जकातीसकट माल पोचवण्याचा मक्ता घेणारे. पण हुंडेकऱ्याची वाट खुष्कीची. तिथे माल नेणाऱ्याला वाट आणि वाटेवरचे लोक माहीत असतात, त्यामुळे भरवशाचा भाव वेगळा सांगता येतो. समुद्रावर भांडवल देणाराच धोका पत्करत होता, म्हणून तिथे दोन्ही एकत्र राहिलं असावं. हा अंदाज आहे, पण त्यावर मी ठाम आहे.

इंग्रजी अमदानीत 1881 साली परक्राम्य दस्तऐवजांचा कायदा झाला, तेव्हा देशी भाषांतल्या हुंड्यांचे स्थानिक रिवाज त्याच्या पहिल्याच कलमाने शाबूत ठेवले.